कोर्ट उठेपर्यंतची कैद

४ मार्च
निकाल लागला. रिंकू दोषी. शेजारचा हा मुलगा. आमच्या मीटरवरून चोरून लाइन ओढली, मी टोकलं, तर सरळ डोळ्यावर ठोसा मारला. 'दोषी' ऐकून छाती भरून आली. मग शिक्षा: कोर्ट उठेपर्यंत कैद, वर दंड. म्हणजे संध्याकाळपर्यंत मागच्या बाकावर बसायचं. बसला, मोबाइल बघत. माझ्या आधी घरी पोचला.
माझा उजवा डोळा कायमचा गेला. कोर्ट उठल्यावर तो काही परत येत नाही.

५ मार्च
बाबांशी बोलले नाही. काल शिक्षा सांगण्याआधी मॅजिस्ट्रेटनं आमच्याकडे बघून विचारलं, "आपको कुछ कहना है?" मी उठेपर्यंत बाबा उभे. "जैसा साहब उचित समझें." फॅक्टरीत जन्मभर हेच. बदली, बढती, सुट्टी, सगळ्याला हेच उत्तर. रिटायर झाले, जीभ अजून ड्यूटीवर.
शेवटी विचारलंच, "काहून बोलले असं?"
"अगं बेटा, साहेबासमोर असंच बोलतात."

९ मार्च
निकालाची नक्कल मिळाली. त्यात बाबा आहेत: 'पीड़िता के पिता ने कठोर दंड का आग्रह नहीं किया.'
वकील दीदी म्हणाल्या, ह्या मॅजिस्ट्रेटच्या हातात तीन वर्षं होती. कमी वाटली असती तर वर सीजेएमकडे, म्हणजे मुख्य मॅजिस्ट्रेटकडे, पाठवता आलं असतं, तिथे सातपर्यंत. मी म्हटलं, मग करा अपील. "आप नहीं कर सकतीं." रिंकूला सोडला असता, हलक्या कलमात धरला असता, भरपाई कमी दिली असती, तर अपील माझं. शिक्षा कमी दिली तर ते फक्त सरकारनं करायचं.
डोळा माझा, दुखणं सरकारचं. वा!

१८ मार्च
सरकारी वकिलांच्या ऑफिसात अर्ज दिला, सरकारनं अपील करावं म्हणून. तिथल्या बाबूनं निकाल चाळला आणि नेमकं त्या ओळीवर बोट ठेवलं. "पिताजी ने तो खुद ही..." बाबा दाराबाहेर बसले होते. ऐकू गेलं असणार. अधारतालला घरी येईपर्यंत ऑटोत मी दुसरीकडे तोंड करून बसले. आई असती तर तिनं सावरून घेतलं असतं. मला सावरायचं नाही.

२ एप्रिल
सरकारचं उत्तर: प्रकरण अपील योग्य नहीं.
बाबा म्हणाले, "चलो, सोडून दे आता. डोळा तर येत नाही." मी ताट सरकवून उठले. तेही जेवले नाहीत. मग वाईट वाटलं, आणि वाईट वाटलं म्हणून अजून राग आला.

११ एप्रिल
कमाल झाली. रिंकूनंच अपील केलंय! दोषी असा शिक्का राहिला तर सरकारी नोकरी लागत नाही ना. बाकावर बसून घरी गेला, तरी अपील त्याचा हक्क.
त्याची आई गेटपाशी थांबली. "बुरा मत मानना बिटिया, लड़के की ज़िंदगी का सवाल है." माझी काय भाड्यानं आणलेली आहे? तोंडावर बोलायला हवं होतं. घरात येऊन भांडी आदळली.

१६ एप्रिल
वकील दीदींनी त्या अपिलाची प्रत दाखवली. त्यात एक मुद्दा असा: मार गंभीर नव्हताच, म्हणून तर बापानं काही मागितलं नाही. बाबांनी चष्मा पुसून परत वाचलं.
"आता मले तिथं बोलता येईल का?"
"नहीं अंकल. अब गवाही नहीं होती. जो काग़ज़ पर है, उसी पर बहस."
बाबा मान हलवत राहिले.
एकच वाट उरली म्हणे, शिक्षा वाढवा म्हणून रिव्हिजन, म्हणजे वरच्या कोर्टात फेरतपासणीचा अर्ज. टिकेलच असं नाही. मी सही केली.

१७ एप्रिल
सकाळी बाबा चहा गाळत होते. पाठमोरे. एकदम म्हणाले, "सात वर्षं. मले कोणी विचारलं असतं ना, तर मी सात म्हटलं असतं."
विचारलं होतं, बाबा. भर कोर्टात.
ओठांवर आलं होतं. त्यांच्या हातून चहा ओट्यावर सांडला. मी फडकं घेऊन पुसला.
सोमवारी रिव्हिजन दाखल करायची. "मी पण येऊन राहिलो," म्हणाले. हो म्हटलं नाही. नकोही नाही.