गुरुवारचा वाढदिवस

शुक्रवार, १४ मार्च
दुपारी, डबा खाऊन झाल्यावर

ताई,

दोन गल्ल्या पलीकडे राहतेस आणि मी पत्र लिहितेय, हसशील. हस. समोरासमोर बसलो की तू रडतेस, मी ओरडते आणि चहा गार होतो. कागदावर निदान बोलणं पुरं होईल. नमस्कार आज मनापासून नाही, रागावले आहे. तरी विचारते, गुडघा कसा आहे? जिना चढू नकोस म्हटलं होतं, पण तू ऐकशील तर ना.

इकडे हॉस्पिटलात नेहमीचंच. डायलिसिसच्या खोलीतलं एक मशीन बंद आहे, त्यामुळे पेशंट ताटकळतात आणि माझ्यावर खेकसतात, जसं काही मीच ते मोडलं. साहेब म्हणतात, सांभाळून घ्या. घेते.

टिकलीला तू शिवलेला फ्रॉक अगदी मापात बसला. खिसे ठेवलेस ते बरं केलंस. फुटक्या फुग्यांचे तुकडे भरून ठेवलेत तिने त्यात.

आता कालचं. आमच्या घरचा रिवाज तुला ठाऊक आहे, टिकलीचा वाढदिवस माझ्या गुरुवारच्या सुट्टीला येतो. पहिल्या वर्षी ड्यूटी आली म्हणून पुढे ढकलला आणि मग तशी पद्धतच पडली. एवढ्याशा पोरीला तारीख काय कळते? आदल्या रात्री मी सांगायचं, उद्या तुझा वाढदिवस, की ही गादीवर उड्या मारणार. तिच्या बापाने पाठ फिरवल्यापासून आम्ही दोघीच. कॅलेंडर आमच्या सोयीने लावलं तर कुणाच्या पोटात दुखायचं कारण नव्हतं.

काल सकाळपासून राबले. कागदाच्या माळा लावल्या, केक आणला, ती शाळेतून आली तसं दार सताड उघडलं. टिकलीने दोन्ही हात गालांवर ठेवले आणि म्हणाली, "अय्या, माझा वाढदिवस!" मला भरून आलं गं. मेणबत्ती विझवली, पण डोळे मिटायला विसरली. म्हटलं, अगं वेडाबाई, मनात काहीतरी माग की.

"मी माझं सोमवारी मागितलं. आजचं तू माग."

आणि लगेच तोंडावर हात. मावशीने बजावलं होतं ना, आईजवळ बोलायचं नाही, तिला वाईट वाटेल.

म्हणजे ती अय्या खोटी होती, ताई. पाच वर्षांची पोर दारात उभी राहून माझ्यासाठी नाटक करत होती. आणि तेही इतकं सफाईने, की मलाच माझी कीव आली. मग खोदून विचारलं तेव्हा सगळं कळलं. दरवर्षी खऱ्या तारखेला, मी ड्यूटीवर असताना, तुझ्या घरी केक कापला जातो. शेजारची मुलं येतात, भाऊजी तिला खांद्यावर घेऊन नाचतात. सोमवारी तुमच्या टाळ्या वाजत होत्या तेव्हा मी एका म्हाताऱ्या पेशंटचे पाय वर धरून उभी होते, प्रेशर पडलं होतं त्यांचं. मशीनवर लावलेल्या माणसाला सोडून उठता येत नाही, हे तुला दहादा सांगून झालंय.

तू म्हणशील, पोरीचा खरा दिवस कोरडा जाऊ द्यायचा का? नको जाऊ देऊस. पण मला सांगायचं तरी होतंस. डबा खाता खाता का होईना, फोन केला असता तिला. तू माझ्यावर दया केलीस आणि तिलाही तीच शिकवलीस. माय मरो पण मावशी जगो म्हणतात. मी अजून जिवंत आहे गं.

तू विचारलं होतंस त्याचं उत्तर राहिलंय, ते टाळण्यासाठीच इतका वेळ मशीन आणि फ्रॉक चाललं होतं. टिकलीला माझ्याकडेच राहू दे, तुझी ओढाताण तरी थांबेल, असं म्हणालीस त्याला बरेच दिवस झाले. मी आज-उद्या करत राहिले. काल रागाच्या भरात वाटलं, तिलाच विचारावं, म्हणजे तुझं तोंड एकदाचं बंद होईल. काय उत्तर येणार याची मला खात्रीच होती. ती मांडीवर बशी घेऊन क्रीम चाटत बसली होती.

चाटता चाटताच म्हणाली, "मी मावशीकडे राहते. तुला सुट्टी असली की तुझ्याकडे येईन, वाढदिवसासारखी."

रडली नाही, घुटमळली नाही. मीच लावलेली सवय, तिला त्यात काही वावगं दिसलं नाही. मी तिच्या नाकावरचं क्रीम पुसलं आणि बरं म्हटलं.

रविवारी भाऊजींना पाठव. तिचं कपाट आवरून ठेवते. झोपताना तिला एका बाजूला भिंत लागते, नाहीतर रात्रभर चाचपडते. दुधावरची साय काढत जा. आणि एवढं एकच ऐक माझं. मला बरं वाटावं म्हणून तिला यापुढे काही शिकवू नकोस. गुरुवारी मी दारात आले आणि तिला आनंद झाला नाही, तर नाही झाला. तिला तशीच उभी राहू दे.

तुझी धाकटी,
टिकलीची गुरुवारची आई