झियानला पाजलंत तेव्हा

नाझनीनभाभी,

घराची वाटणी झाल्यापासून आपण दोघी जावा बोलत नाही, म्हणून हे लिहितेय. पाठवणार मात्र नाही.

माझ्या छातीत पू झाला, ऑपरेशन झालं आणि झियानला पाजणं थांबलं. पावडरचं दूध तो दर वेळी ओकत होता. "आईचं दूध मिळालं तर सावरेल," डॉक्टर म्हणाल्या. आपल्या सासूबाईंनी, अम्मींनी लगेच तुमचं नाव घेतलं, कारण तुमची अलिना अजून अंगावर पितेय. मी नको म्हणाले. तो तुमचं दूध प्यायला की आपल्या धर्मात तुम्हीही त्याची आई, अलिना त्याची बहीण, आणि हे नातं पुन्हा मोडता येत नाही. भांडून येरवड्याचं घर सोडलेल्या जावेला मी अर्धा मुलगा देऊन टाकायचा?

पण त्याचं रडणंही बारीक झालं, तेव्हा मीच राहिलला म्हटलं, "तुझ्या भाभींना बोलव."

तुम्ही तुमच्या रक्ताच्या तपासण्यांचे रिपोर्ट घेऊनच आलात. माझ्याकडे न बघता विचारलंत, "मिसबा, तुझी मर्जी आहे ना?" मी मान डोलावली.

त्याचे घोट मला पलंगावर ऐकू येत होते. आधी तुमचा भयंकर राग आला. मग मला झोप लागली.

तुमच्या मुलाची आई,
मिसबा