मामाच्या हातचा घास

१४ जानेवारी २०२५
संक्रांत. खालच्या रश्मीदीदी तिळगूळ घ्यायला आल्या. अंजनीला मांडीवर घेतलं, टाळ्या वाजवल्या, जीभ काढून दाखवली. पोरगी नुसती बघत राहिली. "बड़ी सीधी बच्ची है," म्हणाल्या. सगळे हेच म्हणतात. नऊ महिन्यांची झाली – रडत नाही, काही मागत नाही. मला आधी बरं वाटायचं. आज नाही वाटलं. दिवाळीत ही उशीला टेकून बसायची, खळखळून हसायची. आता मानही धड धरत नाही.

१५ जानेवारी
सौमित्र ऑफिसला निघाला तेव्हा सांगितलं. "अगं गीता, थंडी आहे. मुलं होतात अशी सुस्त." झालं, विषय संपला!

१८ जानेवारी
इथल्याच गोरखपुर वस्तीत मुलांच्या डॉक्टरीणबाईंकडे नेलं. सोबत आई, म्हणजे सासूबाई. डॉक्टरांनी अंजनीच्या बोटांची पेरं बघितली. काळपट झालीत. मी मळ समजून रोज घासत होते.
"ऊपर का क्या देती हैं? दाल, खिचड़ी?"
"कुछ नहीं. सिर्फ मेरा दूध."
"नौ महीने से? क्यों?"
सांगितलं. आमच्यात पहिला घास मामा भरवतो, उष्टावण म्हणतात. माझा भाऊ अजिंक्य जहाजावर नोकरीला. ऑक्टोबरात येणार होता, मग डिसेंबर झाला, आता फेब्रुवारी म्हणतो. डॉक्टरांनी पेन खाली ठेवलं. रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. आई माझ्या शेजारी गप्प बसून होत्या.
दोघींचं रक्त घेतलं. सुई टोचली तरी अंजनी जेमतेम कुरकुरली.

२० जानेवारी
रिपोर्ट आले. तिच्यात बी-ट्वेल्व्ह जवळजवळ नाहीच. लोहही कमी. माझंही बी-ट्वेल्व्ह तसंच. मला दुधाचा वासच सोसत नाही, दही नको वाटतं, अंडं घरात येत नाही. "माँ के पास ही नहीं है, तो दूध में कहाँ से आएगा?" डॉक्टर म्हणाल्या. आणि मी सगळ्यांना सांगत फिरले – आमची फक्त आईच्या दुधावर वाढून राहिली!
आता रोज इंजेक्शन. पुन्हा बसेल का, विचारलं. "उम्मीद है. पर देर हुई है, पक्का नहीं कह सकती."
घरी येऊन कुकर लावला. भेंडी चिरली. काहीच वाटत नव्हतं.

२१ जानेवारी
इंजेक्शन. मऊ खिचडीचे दोन चमचे मीच भरवले. ना पाट, ना औक्षण. अर्धी खिचडी बाहेर आली.

२३ जानेवारी
इंजेक्शन. फरक नाही.

२४ जानेवारी
अजिंक्यचा फोन. "ताई, माझ्यासाठी काहून थांबली तू? चंद्रशेखरनं भरवलं असतं न." चंद्रशेखर आमचा चुलतभाऊ. विजय नगरला राहतो, स्कूटरवर दहा मिनिटं.
लिहूनच टाकते. ऑक्टोबरात आई हेच म्हणाल्या होत्या. "चंद्रशेखरला बोलावून घे, पोर भुकेली दिसून राहिली." एकदा वरणभात कालवून बोटावर घेऊनही आल्या. मी त्यांचा हात बाजूला सारला. म्हटलं, माझे आईबाबा गेले, माहेर म्हणून एक भाऊ उरला, त्याचा मान मी दुसऱ्याला देणार नाही. आई हात धुऊन आत गेल्या. पुन्हा तो विषय त्यांनी काढला नाही. सौमित्र तेव्हा दौऱ्यावर होता, त्याला यातलं काही ठाऊक नाही.
मला भाऊ हवा होता. पोरीची भूक मला दिसलीच नाही.

२७ जानेवारी
चमचा बघून अंजनीनं तोंड उघडलं. आई डोळे पुसत होत्या. मला रडू यायला हवं होतं. नाही आलं.

२८ जानेवारी
सौमित्र आज आईंवर ओरडला. "तुझ्याच रीतींनी पोरीची ही दशा केली. मामासाठी थांबा म्हणून सांगितलं कोणी?" आई कणीक मळत होत्या. मान वर न करता म्हणाल्या, "मीच. गीताला बोलू नको." मी दारातच उभी होते, अंजनीला कडेवर घेऊन. काही बोलले नाही.