तेविसावं पान

शुक्रवार, १४ जून
सकाळचे सात

बबड्यास,

मंगळवारी, ११ जूनला, सकाळी अकरा वाजून चाळीस मिनिटांनी तू व्यासपीठावरून कंपनीचा शाश्वतता अहवाल उंचावून दाखवलास आणि म्हणालास, ‘वर्षभरात आमच्याकडे एकही जीव गेला नाही.’ टाळ्या पडल्या. मी पहिल्या रांगेत होते. बाकी तब्येत ठीक, गुडघे कुरकुरतात. तुम्ही सगळे मजेत असालच.

चौऱ्याऐंशी पानं, अकरा ठिकाणी तुझा फोटो. एकात तर तू रोपट्याकडे असा बघतोयस, जसं काही ते तुझ्याकडे नोकरी मागायला आलंय. तुझ्या बाबांना दोन ओळी धड लिहिता येत नसत, माणूस तुसडा; पण कुणाचं बोट कापलं तरी कारखान्याच्या फाटकाजवळच्या फळ्यावर स्वतः खडूनं लिहायचे. तू गोड बोलतोस. अहवालही गोडच निघाला.

पान तेवीस. प्राणघातक अपघात: शून्य. मग ९ फेब्रुवारीला गाळाच्या टाकीत उतरलेला माणूस गेला कुठे? चहा प्यायला?

‘मावशी, तो आपला नव्हता गं, ठेकेदाराचा होता,’ जिना उतरताना तू म्हणालास.

टाकी कुणाची होती रे?

त्या गेलेल्या माणसाची बायको मार्चमध्ये माझ्या घरी आली होती. तुला हे सांगितलं नव्हतं. खुर्चीच्या कडेवर बसली, पाण्याला हात लावला नाही. ठेकेदार वस्तीभर सांगत सुटलाय की तो पिऊन पडला. म्हणाली, ‘बाई, तुम्ही त्या अहवालाच्या समितीवर मोठ्या. पुस्तकात एवढंच छापा, की ते टाकीतल्या वायूनं गेले. पोरीला शाळेत दारुड्याची म्हणून चिडवतात.’

मी म्हणाले, ‘मी आहे ना.’

मी चार ओळी लिहून दिल्या. तू त्या काढल्यास. इथवर तुझी चूक.

कॉन्व्हेंटमधल्या सिस्टर म्हणायच्या, आधी स्वतःचं कबूल करा. मला उशीर झाला. संचालकांत एखादी बाई दिसावी म्हणून तू मला समितीची अध्यक्षा केलंस, हे कळत असूनही मी हुरळले. छपाईआधीची प्रत दोन दिवस माझ्या टेबलावर होती. तीस वर्षं मुलींच्या वह्यांतली एकेक चूक पकडणारी मी. उघडलं ते पान चार, माझा फोटो असलेलं. चांगला आला होता. तेविसाव्या पानापर्यंत गेलेच नाही.

खोटं. गेले. ओळी नाहीत हे पाहिलं, आणि सही केली. भांडले तर तू मला काढशील, ही भीती. निवृत्तीनंतर सकाळी तयार होऊन जायला तेवढी एकच जागा उरली होती.

काल त्याची बायको फाटकाशी भेटली. पोरीनं तिला ते पान वाचून दाखवलं होतं. ओरडली असती तर बरं झालं असतं. ‘बाई, बऱ्या आहात ना?’ एवढंच विचारलं तिनं.

तर आता ऐक. त्या माणसाचं नाव आणि मृत्यूचं खरं कारण असलेलं दुरुस्तीपत्रक अहवालाला जोडणार की नाही, ते सोमवारी, २४ जूनला, संध्याकाळी पाचच्या आत मला लेखी कळव. कागदावर, सहीनिशी. नाहीतर दुसऱ्या दिवशी वार्षिक सभेत मी उठेन आणि माझी सही मागे घेईन, का केली होती त्यासकट.

फोन करू नकोस. फोनवर तुझा आवाज अगदी तुझ्या गेलेल्या आईसारखा येतो, आणि मग मी पुन्हा गप्प बसेन.

तुझी, आणि या प्रकरणात तुझ्याइतकीच दोषी,
मावशी