देवीच्या सागाला पडलेलं भोक

रविवार, दिवेलागण

जुन्या काळचे दुष्काळ झाडाच्या वलयांत दिसतात म्हणे. म्हणून पुण्याच्या संशोधक बाईंना देवीच्या सागात गिरमिट घालू दिलं. या देवराईतली वाळकी काडीही आम्ही चुलीत घालत नाही, तरी दिलं. निघालेली पेन्सिलीएवढी कांडी पाहून त्या म्हणाल्या, "काका, हे कोवळं आहे. जुनं झाड कोणीतरी तोडलं, त्याच्या बुंध्यातून फुटलंय. आमच्या कामाचं नाही." आणि गेल्या.

तोडलं कोणी? राईची राखण तर पिढ्यानपिढ्या आमच्याच घराकडे.

"काय सांगतलं रे बाईनं?" मायनं विचारलं.

"लय जुनं हाय म्हने."

मायनं हात जोडले. मी भोक शेणामातीनं बुजवत राहिलो. आता कोणत्या तोंडानं सांगू लोकांना, इथली काडी उचलू नका म्हणून?