डाव्या दंडाची रेघ

प्रिय बायो,

फोनवर धाकटी तुला काय सांगते ते मला कळत नाही. ती खिडकीकडे तोंड करून उभी राहते, मधूनच हसते, आणि फोन ठेवून मला खूण करते की ताई मजेत आहे. तुलाही ती आमच्याबद्दल तेच सांगत असणार. म्हणून हे तिच्या नकळत लिहितेय. ती अंघोळीला गेलीय. एका हाताने अंघोळ म्हणजे वेळ लागतो, आणि मदतीला गेले तर आतून कडी घालते.

ट्रकचा धक्का लागून ती स्कूटरवरून खांद्यावर आदळली, एवढं तुला माहीत आहे. हाड मोडलं नाही म्हणून आपण सगळ्यांनी हुश्श केलं होतं. पण मानेतून हाताकडे उतरणाऱ्या नसा ओढल्या गेल्या, आणि डावा हात तेव्हापासून पिळून टाकलेल्या टॉवेलसारखा लोंबतोय. मध्यंतरी ती शिकवते त्या शाळेतली मुलं भेटायला आली होती, माझ्यासारखीच ऐकू न येणारी. त्यांच्या हट्टापायी तिने एका हाताच्या खुणांनी गोष्ट सांगायला घेतली. मुलांना निम्मी कळत होती, उरलेली कळल्यासारखं दाखवत होती. मुलं गुणी आहेत गं. ती गेल्यावर ही भिंतीकडे तोंड करून पडली ती जेवायलाही उठली नाही.

मग नसांची तपासणी झाली. दंडावर दोन चकत्या चिकटवल्या, त्यांच्या वायरी मशीनला. मानेपाशी पेनासारखी कांडी टेकवायची, तिच्यातून विजेचा बारीक झटका द्यायचा, आणि दंडाचा स्नायू त्याला उत्तर देतो का ते पडद्यावर बघायचं. दवाखान्यात एरवी मी येड्यासारखी सगळ्यांची तोंडं न्याहाळत बसते. त्या खोलीत पहिल्यांदाच वाटलं, इथे कानांचं काहीच काम नाही. पहिला झटका दिला आणि रेघ अशी ताडकन वर उडाली! मी खुर्चीतून उठले, टाळ्या वाजवल्या, मशीन चालवणाऱ्या तंत्रज्ञाचा हातच धरला. त्याने मान हलवली. त्याच्या मिशा इतक्या दाट आहेत की ओठ दिसतच नाहीत, बोलला असता तरी मला काडीचं कळलं नसतं. त्याने कागदावर एक उंच डोंगर काढला आणि थोडं पुढे एक बुटकी टेकडी. डोंगरावर बोट ठेवून मशीन दाखवलं. टेकडीवर बोट ठेवून धाकटीचा दंड दाखवला. म्हणजे आधी उडते ती त्यांचीच वीज. स्नायूचं उत्तर आलंच तर तिच्यामागून, क्षणभराने.

पुन्हा झटका. डोंगर आला, पुढे रेघ सपाट. त्याने वीज वाढवली. धाकटीने दात आवळले, मानेची शीर तटतटली, डोंगर आणखी उंच झाला, पुढे सपाटच. मी मनात एकच घोकत होते, दे गं उत्तर, एकदा तरी दे. आणि बायो, खरंच एक लहानशी लाट आली! मग आणखी एक. मी त्याला गदागदा हलवून दाखवलं. तो पडद्याजवळ वाकला, मग त्याने वीज बंद केली. लाट तरीही येतच राहिली. त्याने माझी बोटं हळूच धरून धाकटीच्या गळ्यावर ठेवली. गळ्यातला एक ठोका, पडद्यावर एक लाट. ठोका, लाट. ते तिचं काळीज होतं गं. दंडाचं काहीच नव्हतं.

नंतर डॉक्टरीणबाई आल्या आणि बराच वेळ बोलल्या. मला सांगणार कोण? ती शाळेत जायला लागल्यापासून दुकानात, बँकेत, दवाखान्यात तीच माझे कान. स्वतःचा निकालही तिलाच मला सांगावा लागला, एका हाताने: “दंडात काही उरलेलं नाही, आई. सवय करून घ्यायची.” चेहरा असा, जणू फळ्यावरचा धडा वाचतेय. पण बाई थांबल्या नव्हत्या. त्यांनी तिच्या मानेच्या उजव्या बाजूपासून छातीवरून डाव्या खांद्यापर्यंत बोट फिरवलं, भिंतीवरचं कॅलेंडर दाखवलं. धाकटी जोरजोरात मान हलवत होती. काय म्हणतायत, मी विचारलं. ती म्हणाली, “उजवा हात चांगला आहे, जपा म्हणतायत.”

मी बहिरी आहे, बायो, आंधळी नाही. दुसऱ्या दिवशी भाजीच्या निमित्ताने बाहेर पडले आणि त्या मिशीवाल्याला गाठलं. बाईंचं बोट जसं फिरलं तसं माझं बोट फिरवून दाखवलं. तो आधी घुटमळला. मग त्याने स्वतःच्या अंगावर दाखवलं: चांगल्या बाजूची एक नस घ्यायची, छातीवरून पलीकडे न्यायची, मेलेल्या दंडाला जोडायची. मग स्वतःची उजवी बोटं लुळी सोडली, हळूहळू सरळ केली आणि पंजा इकडे-तिकडे डोलवला. म्हणजे चांगला हातही काही काळ अधू होईल, बहुधा सुधारेल, पण खात्री नाही. शेवटी त्याने डावा दंड दाखवून मूठ आवळत आवळत अगदी लहान केली. उशीर झाला तर स्नायू वाळून जाईल, मग नस जोडूनही उपयोग नाही.

घरी आले तर ही एका हाताने मटार सोलत बसली होती. मला सगळं उमगलं. तो एक हात तिने माझ्यासाठी राखून ठेवलाय. तोही गेला तर आई कोणाशी बोलेल, म्हणून तिने ऑपरेशनला नाही म्हटलंय, आणि मला त्यातलं अवाक्षर कळू दिलेलं नाही. माझ्याशी बोलता यावं म्हणून माझ्या लेकीने जन्मभर लुळा हात वागवायचा? मी तिच्याशी बोलल्यावाचून राहीन गं, वर्षभर राहीन, कायमची राहीन. पण हे तिला सांगायला मी हात उचलला की ती डोळे मिटून घेते. कालपासून चार वेळा मिटले. तिचे खांदे धरून हलवलं तरी उघडत नाही, पापण्यांखालून पाणी तेवढं येतं. डोळे मिटल्यावर मी तिच्यापर्यंत पोचत नाही, बायो. तू पोचशील. असशील तशी निघून ये. तिला डोळे मिटू दे, तू तिच्या कानाशी बस, आणि ऑपरेशनला हो म्हण, आईने सांगितलंय, म्हणून सांग.

तुझीच,
आई