तिसऱ्या फळीची गाठ

रविवार, १४ मार्च १९७१

बागेतला मी बांधलेला लाकडी पूल पाडून गंगाधर मिस्त्रीनं सिमेंटचा बांधला. आज त्याला टॉवेल-टोपी. मला तेव्हा नुसता नारळ! माझा पूल कुरकुरायचा, कबूल. तिसऱ्या फळीला गाठ होती, तिथंच. पण आमच्या हिनं नव्या पुलावर पाय आपटून चारचौघांत म्हणावं, "अहो, हा वाजत नाही बघा!"

एखादी भेग तरी सापडेल म्हणून मी पुलाखाली शिरलो. तर स्लॅबच्या पोटाला माझ्याच फळ्यांचे ठसे! मेल्यानं सेंटरिंगला, म्हणजे सिमेंट ओतायच्या साच्याला, माझं सागवान वापरलं. तिसरीची गाठसुद्धा जशीच्या तशी उमटलीय. बरं वाटलं की जास्तच जळलो, कुणास ठाऊक. हिला हाक मारली, खाली ये, बघ.

वरूनच म्हणाली, "नवी साडी आहे. मी नाही वाकायची."